बंदरावरचे ताट : फेब्रुवारी १९४६ च्या निमित्ताने

खानदेशी माणसाने समुद्राविषयी लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहेच. गिरणेला पूर आला की ज्यांना पाण्याची विशालता कळते, असे आम्ही लोक. तरीही गेल्या फेब्रुवारीत पाचोऱ्याहून रात्रीची गाडी धरून आम्ही चौघे (तिघे मराठीचे, एक इतिहासाचे) पहाटे मुंबईत उतरलो ते युद्धनौका पाहण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर बंदराच्या आसपासचे काही चांगलेचुंगले खाण्यासाठीही. एका दिवसाची सहल. रात्रीच्या गाडीने परत. पिशवीत घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. इतिहासाचे आमचे सहकारी शुद्ध शाकाहारी असल्याने ही तजवीज आवश्यक होती.

पाचोरा ते मुंबई हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण या गावाचा आणि त्या बंदराचा संबंध प्रवासाच्या सोयीपुरता नाही. १८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेशात आला तो मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या गाठींना सोन्याचा भाव आला. पुढे जामनेरकडून पाचोऱ्याला येणारी अरुंदमापी गाडी, जिला आम्ही सगळे ‘पीजे’ म्हणत आलो आणि जी २०२० पर्यंत धावत होती, तीही आमच्या काळ्या जमिनीला मुख्य मार्गाशी आणि पर्यायाने बंदराशी बांधणारीच होती. लाकडाचेही तेच. आमच्या पश्चिमेला डांगची सागवानी जंगले आहेत. १८४२ साली ब्रिटिशांनी ती तेथील भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली. हा व्यवहार खानदेशातील भिल्ल एजंटांच्या हाती होता आणि जहाजबांधणीसाठी लागणारा साग हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनला ज्या जहाजावर नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, ते ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईच्या गोदीतच बांधलेले होते. ते अर्थात डांगच्या सागाचे नव्हते, १८१३ चे होते. पण योगायोग मनात राहतो.

गोदीचा हा इतिहास सहसा वाडिया घराण्यापासून सांगतात आणि ते योग्यच आहे. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते १७३५-३६ च्या सुमारास. मुंबईतील पहिली सुकी गोदी १७५० ची. या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. मलबारी सागाची ती किमया. जहाजाची लांबी, तोफांची संख्या, कारागिराचे नाव हे सगळे नोंदलेले असते. त्या जहाजावर खलाशांना काय जेवायला मिळे, हे मात्र शोधावे लागते. आमचा विषय तोच आहे.

गोदीत सामान्य माणसाला एरवी प्रवेश नाही. आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत ‘विक्रांत’ पाहिली होती. १९९७ साली निवृत्त झालेली ती विमानवाहू नौका काही वर्षे तरंगते संग्रहालय होती. २०१४ मध्ये तिची मोडणी झाली. त्यामुळे आम्ही गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीची लाँच धरली आणि राखाडी रंगाच्या नौका दुरूनच पाहिल्या. लाँचवरच्या मुलाने आम्हाला मोबाइल खिशात ठेवायला सांगितले. एवढ्या दुरून त्या नौका फार शांत दिसतात. मग आम्ही फोर्टमध्ये एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा घेतला आणि ‘आय. एन. एस. आंग्रे’च्या भिंतीच्या कडेने चालू लागलो.

ही भिंत पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या जुन्या किल्ल्याची ही जागा. ब्रिटिश काळात येथील बराकींना कॅसल बराक म्हणत. १९५१ साली या आस्थापनेला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. ज्या सरखेलाच्या आरमाराने कंपनीच्या जहाजांना कोकणपट्टीवर सुखाने फिरू दिले नाही, ज्याच्या कुलाब्यावर १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून गेले आणि हात हलवत परतले, त्याचे नाव कंपनीच्याच किल्ल्याला मिळावे, हा न्याय आम्हाला आवडतो. (आंग्र्यांचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाजवळ जळाले तेव्हा इंग्रजांच्या सोबतीला पेशवे होते, हे मात्र आपण शाळेत जरा भरभर वाचतो.) पण या भिंतीला आणखी एक इतिहास आहे. २१ फेब्रुवारी १९४६ रोजी या बराकीतले हिंदी नौसैनिक आतून आणि लष्कर बाहेरून, असा येथे तासन्‌तास गोळीबार झाला. आणि त्याचा उगम एका न्याहारीत होता.

१८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. कुलाब्यातील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील सुमारे दीड हजार खलाशांनी सकाळचे अन्न नाकारले. अन्न नाही तर काम नाही, एवढीच घोषणा. डाळीत खडे होते, पाव खाण्याजोगा नव्हता, आणि ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. त्याआधी तक्रार केली तेव्हा, भिकाऱ्याने आवडनिवड दाखवू नये, अशा अर्थाचे उत्तर अधिकाऱ्याकडून मिळाल्याचे सांगितले जाते. हे उत्तर डाळीतल्या खड्यांपेक्षा अधिक बोचले असावे. महायुद्धाच्या काळात या नौदलाची संख्या दोन हजारांहून कमी होती ती तीस हजारांच्या घरात गेली. शिकलेली मुले जाहिरातींतली आश्वासने वाचून भरती झाली, ब्रिटिश खलाशांच्या बरोबरीने लढली, आणि पगार, निवास, ताट या तिन्ही ठिकाणी आपण वेगळे आहोत हे रोज पाहत राहिली. त्यात ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांची शिवराळ भाषा. बलाईचंद दत्त या तरुण खलाशाला भिंतीवर ‘चले जाव’सारख्या घोषणा लिहिल्याबद्दल त्याच महिन्याच्या प्रारंभी अटक झालेली होती.

येथे एक प्रश्न आहे. सरकारी नजरेतून पाहिले तर ही जेवणावरून झालेली बेशिस्त; राष्ट्रीय नजरेतून पाहिले तर स्वातंत्र्यासाठी उठाव, आणि जेवण हे निमित्त. दोन्ही बाजू ताटाला गौण ठरवतात. आम्हाला हे पटत नाही. आमच्यापैकी दोघांनी वसतिगृहात असताना मेसचे ताट परत केले आहे. तेव्हा भाजीत अळ्या होत्या. पण आम्ही उठलो ते अळ्यांमुळे नव्हे, तर ‘घरी काय रोज पंचपक्वान्न असते का’ या वाक्यामुळे. ताट परत करणे म्हणजे माणूस म्हणून आपली किंमत काय ठरली आहे, ते वाचून दाखवणे. खलाशांच्या मागण्यांची यादी पाहिली तर हे स्पष्ट होते. चांगले अन्न आणि समान वेतन या मागण्यांच्या शेजारीच आझाद हिंद फौजेच्या व इतर राजबंद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे या मागण्या आहेत. आपल्या ताटातला खडा आणि जावा बेटावरची बंदूक यांचा संबंध ज्यांना एका दिवसात कळला, त्यांना निमित्त शोधणारे म्हणणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान आहे.

१९ तारखेला नौदल मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली, एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र चढले. अठ्ठ्याहत्तर नौका, वीस किनारी आस्थापना आणि वीस हजारांवर खलाशी यात सामील झाले, असे आकडे सर्वत्र दिले जातात. २१ तारखेला ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून सांगितले की, गरज पडल्यास नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण उठाव मोडला जाईल. कॅसल बराकीला वेढा पडला होता आणि जहाजांवरचा शिधा संपत चालला होता.

यापुढचा प्रसंग आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आला नाही. मुंबईचे लोक अन्न घेऊन अपोलो बंदरावर आले. फळे, दूध, पाव, भाजी, जे हाताशी होते ते. दुकानदारांनी आणि हॉटेलवाल्यांनी, काय हवे ते घेऊन जा, पैसे नकोत, असे सांगितले. पहाऱ्यावर नेमलेल्या हिंदी शिपायांच्या खांद्याला बंदुका होत्या. त्यांनी लोकांना अडवले नाही, उलट टोपल्या होड्यांत चढवायला हात लावला. ज्या पायऱ्यांवरून आम्ही सकाळी घारापुरीच्या लाँचमध्ये चढलो, त्याच धक्क्यावरून हे अन्न जहाजांकडे गेले. हे शहर तेव्हा सुखात होते असे मुळीच नाही. १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग होते, आणि १९४६ च्या आरंभी टंचाईमुळे त्या रेशनलाही कात्री लागलेली होती. मोजून मिळालेल्या घासातला वाटा लोकांनी समुद्राकडे धाडला.

याची किंमत २२ तारखेला वसूल झाली. शहरात सार्वत्रिक संप होता. गिरण्या बंद, रस्त्यांवर अडथळे, लष्कराच्या गाड्या. परळमध्ये कमल दोंदे गोळीने मारल्या गेल्या; त्यांच्या सोबतच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या, अहिल्या रांगणेकर बचावल्या. अधिकृत आकड्यांनुसार मुंबईत २२८ नागरिक ठार आणि १,०४६ जखमी झाले. नौसैनिकांच्या तुलनेत अन्न पुरवणाऱ्यांतलेच अधिक मेले. वल्लभभाई पटेलांनी शरणागतीचा सल्ला दिला, जिनांनीही संप मागे घेण्याचे आवाहन केले, गांधीजींना हा मार्गच मान्य नव्हता. २३ तारखेला पहाटे संप संपला. पुढाऱ्यांचे चुकले का, यावर आम्हा चौघांत दुपारभर वाद झाला. सत्तांतर दारात उभे असताना शिस्त मोडलेले सैन्य कोणालाच नको होते, हे इतिहासाच्या सहकाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. पण ४७६ जणांना नौदलातून काढले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या, ना पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले, हे कोणत्या शिस्तीत बसते, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. हा वाद एका मालवणी खानावळीत झाला. आमच्यासमोर बांगडा आणि सोलकढी, त्यांच्यासमोर दशम्या. मालकांनी काही न विचारता त्यांना वाटीभर सोलकढी वाढली.

साहित्याने या घटनेचे काय केले? साहिर लुधियानवींनी तेव्हाच कविता लिहिली. उत्पल दत्त यांचे ‘कल्लोल’ हे नाटक १९६५ साली कोलकात्यात गाजले आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगातही जावे लागले. बलाईचंद दत्त यांच्या इंग्रजी आठवणी १९७१ साली पुस्तकरूपाने आल्या. घटना मात्र मुंबईची, मेलेली माणसे परळ-लालबागची, आणि एम. ए. ला मराठी घेऊन दोन वर्षे ‘साहित्य आणि समाज’ शिकलेल्या आम्हाला ती कोणत्याही पाठात भेटली नाही. गिरणगावाविषयीच्या कविता आम्ही भक्तिभावाने शिकवतो. त्या गिरणगावाने एका फेब्रुवारीत काय केले, हे सांगत नाही. यात इतरांना दोष देण्यासारखे काही नाही, कारण वीस वर्षे वर्गात उभे आम्हीच आहोत.

संध्याकाळी कुलाब्यातील उठावाच्या स्मारकाकडे गेलो. खलाशाचा पुतळा, थोडी हिरवळ, बाकावर मोबाइल पाहत बसलेली दोन मुले. जवळून बसगाड्या जात होत्या. आम्ही दहा मिनिटे थांबलो आणि गाडीच्या वेळेसाठी निघालो. चाळीसगावच्या आसपास जाग आली तेव्हा पिशवीत एक दशमी उरलेली होती. ती चौघांत वाटली.

पुढच्या आठवड्यात द्वितीय वर्षाच्या वर्गात हे सगळे सांगितले. मुले कापूस उत्पादकांच्या घरची. काहींच्या आजोबांनी पीजेने कापसाच्या गाठी जाताना पाहिलेल्या. तोफा किती होत्या, हे कोणी विचारले नाही. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, लोकांनी बंदरावर नेमके काय काय नेले होते? आम्ही फळ्यावर लिहिले : फळे, दूध, पाव, भाजी. तिने ते वहीत उतरवून घेतले.