नकलेवरून नक्कल

जुन्या मोटारींविषयी लिहिताना इंजिनाची ताकद, रंग आणि बांधणी यांची वर्णने पुष्कळ केली जातात. कुलपाची दखल सहसा कोणी घेत नाही. आम्हीही घेतली नसती. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या डिचोलीच्या घरातील मॉरिस मायनरच्या इग्निशनच्या कुलपाने आम्हांला त्या वाटेस लावले.

घडले ते असे. संध्याकाळी गाडी पडवीलगतच्या खोपीत घेताना इंजिन आपोआप बंद पडले. आम्ही चावी काढली, नेहमीच्या खुंटीला अडकवली आणि जेवावयास गेलो. रात्री उशिरा जळका वास आला. कुलूप 'चालू' स्थितीतच राहिले होते आणि तरीही चावी हातात आली होती. इशाऱ्याच्या लाल दिव्याचा बल्ब गेलेला असल्याने तोही काही सांगू शकला नाही. इंजिन थांबलेले, पॉइंट मिटलेले आणि कॉइलमधून वीज सतत वाहत असलेली. कॉइल हात लावू नये इतकी तापली होती. शेजारी गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. अधिक लिहावयास नको.

दुसऱ्या दिवशी आलेल्या मेस्त्रींनी सरळ उपाय सुचवला: "भाऊ, कुलूप काढून टाकू. एक स्विच आणि एक बटन बसवतो. चावीची कटकटच नको." सल्ला व्यवहाराचा होता. तरीही आम्ही एक आठवड्याची मुदत मागितली.

या चावीचा इतिहास मोटारीइतका जुना नाही. आरंभी मोटार पुढून हँडल फिरवून चालू करीत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हँडलचे काम बटनाकडे गेले. चावी फिरवताच इंजिन चालू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने 1949 साली आणली. इंग्लंडच्या लहान मोटारी मात्र पुढे बरीच वर्षे जुन्या पद्धतीच्या राहिल्या. आमच्या मायनरमध्ये चावी केवळ विजेची वाट मोकळी करते. इंजिन फिरवण्यासाठी निराळी मूठ ओढावी लागते. म्हणजे या चावीचे खरे काम चालू करण्याचे नव्हे, तर बंद करण्याचे आहे. 'बंद' म्हटले की बंद, एवढाच तिचा शब्द. तो तिने मोडला होता.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली मॉरिस मायनर 1948 साली बाजारात आली आणि दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती इंग्लंडची पहिली मोटार ठरली. आमची मोटार आजोबांनी 1958 साली मुरगाव बंदरात उतरवून घेतली. त्या काळी सीमेपलीकडे भारतात परदेशी मोटार आणणे दुर्घट झाले होते. जनरल मोटर्सने 1954 साली मुंबईतील जुळणीचे काम गुंडाळले होते. इकडे 1955 पासून भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. पेडण्याहून पत्रादेवीमार्गे बांद्याला आणि डिचोलीहून दोडामार्गला जाणारी शतकांची वाट तुटली. माल येऊ लागला तो समुद्रावरून. डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिज बाहेर जात होते आणि त्याच बंदरातून युरोपच्या मोटारी आत येत होत्या. पोर्तुगालने 1928 साली रस्त्याची बाजू बदलली, तरी गोव्यात वाहने डावीकडूनच धावत राहिली. इंग्रजी मोटार येथे सोयीची ठरली ती त्यामुळेही.

डिसेंबर 1961 मधील हकीकत घरात अनेकदा सांगितली जाई. 18 तारखेच्या पहाटे मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडवले. आमच्या आत्या पेडण्यात दिलेल्या. त्यांची खबर घ्यावी, तर मोटार असूनही रस्ता नव्हता. आजोबांनी म्हणे ते दोन्ही दिवस चावी कनवटीला बाळगली होती. 19 तारखेला गोवा मुक्त झाला. पलीकडची जुनी वाट खुली झाली, पण इंग्रजी मोटारींच्या सुट्या भागांना भारताचे आयातीचे नियम लागू झाले. सुदैव असे की त्याच 1961 साली मद्रासजवळ पाडी येथे लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली होती आणि मॉरिसच्याच वंशातील अ‍ॅम्बॅसडर 1957 पासून भारतात तयार होत होती. पुढे कॉइल, पॉइंट असे भाग त्या वाटेने मिळत गेले. कुलूप मात्र कोणी बदलले नाही. चावी झिजली की म्हापशाच्या बाजारात तिची नक्कल करून घ्यावयाची, हा घराचा शिरस्ता झाला.

दोषाचे मूळ याच शिरस्त्यात होते. बॅटरीची तार सोडवून आम्ही कुलूप बाहेर काढले. (या मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या मोटारींच्या सवयीने तारा उलट लावणाऱ्याने सावध असावे.) कुलपाच्या कडेला बारीक छिद्र असते. चावी योग्य जागी फिरवून त्या छिद्रातून तार दाबली, की आतील नळकांडे सुटे होते. त्यात पितळेच्या पातळ पात्या आणि त्यांना उचलणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा. चावीचे दात अचूक असतील तर साऱ्या पात्या एका रेषेत येतात आणि नळकांडे फिरते. फिरलेल्या स्थितीत पात्यांनी चावी अडवून धरावयाची असते. आमच्या पात्यांच्या कडा गोल झाल्या होत्या, दोन स्प्रिंगा मोडल्या होत्या आणि चावी तर नकलेच्या नकलेची नक्कल होती. प्रत्येक नकलेत आधीच्या चावीची झीज प्रामाणिकपणे उतरली होती आणि त्या झिजलेल्या दातांनी कुलूपही आपल्यासारखे करून घेतले होते.

आमच्या नोकरीची बरीच वर्षे महसुली दप्तरांत गेली. एक-चौदाच्या उताऱ्यावर एखादे नाव चुकलेले असावे, त्यावरून दुसरा कागद व्हावा, त्यावरून तिसरा, आणि शेवटी तीन सह्यांनिशी चूकच खरी ठरावी, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी उपाय एकच असे: हाताशी असलेला कागद बाजूला ठेवून मूळ नोंदीपर्यंत जाणे.

येथेही तेच केले. कुलपाच्या तोंडावरील साठ वर्षांचा मळ रॉकेलने पुसल्यावर 'एफ. एस.' ही अक्षरे आणि तीन आकडे दिसले. त्या काळच्या इंग्रजी मोटारींच्या चाव्या अशा क्रमांकांनुसार कापलेल्या असत आणि आजही इंग्लंडमध्ये क्रमांक सांगून तशी चावी मिळते. तेथे राहणाऱ्या भाच्याने ती पाठवली. म्हापशाच्या एका वृद्ध कारागिराने पात्या व स्प्रिंगा बदलल्या, ग्रेफाइटची चिमूटभर पूड घातली आणि बजावले, "यात तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते." आम्ही कॉइल नवी घातली आणि लाल दिव्याचा बल्बही. आता 'चालू' स्थितीत चावी कितीही ओढली तरी निघत नाही.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील वाहनांसाठी निराळ्या नोंदणीचे नियम केले. मेस्त्रींच्या बटनाने त्या नियमांचा भंग झाला असता असे नाही. परंतु बटन बसवले असते तर तो क्रमांक कुलपासह भंगारात गेला असता आणि मोटारीवरची एक मूळ नोंद कायमची पुसली असती.

नव्या काबिजादींतील आपल्या घरांतून मोडी कागद, वंशावळी आणि देवस्थानच्या मानपानाच्या याद्या असतात. बहुतेक नकलाच, त्यांवरून आपण पुन्हा नकला करतो आणि भाऊबंदांशी भांडतो. पणजीच्या ज्या पुराभिलेखागाराचा आरंभ 1595 पर्यंत मागे जातो, तेथे डिचोली-पेडण्याहून फार तर अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. आमची आत्या आणि आम्ही यांच्या घराण्यांत पेडण्यातील एका कुळागराच्या हद्दीवरून तीस वर्षे अबोला होता. दोघांकडे एकाच कागदाच्या दोन निरनिराळ्या नकला. कुलूप दुरुस्त झाल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही मायनर काढली, आतेभावाला पेडण्याहून बरोबर घेतले आणि मूळ कागद पाहण्यासाठी पणजीला कोणत्या दिवशी जावयाचे ते ठरवून आलो. परतल्यावर चावी खुंटीला अडकवण्यापूर्वी लाल दिवा विझल्याची खात्री करून घेतली.