वेजवुडची प्रयोगवही

फुटलेल्या माठाची खापरी व फुटलेल्या लोणच्याच्या बरणीचा तुकडा शेजारीं शेजारीं ठेवा आणि दोहोंच्या तुटलेल्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब टाका. खापरी तो तत्काळ शोषून घेईल. बरणीच्या कडेवर तो तसाच राहील. दोन्ही भांडीं मातीचींच. भेद आहे तो मिश्रणाचा आणि आंचेचा. माती पुरेशी तापली कीं तिच्यांतील कांहीं द्रव्यें वितळून छिद्रें बुजवितात व भांडें दगडासारखें घट्ट होतें. आंच कमी पडली तर तें पाझरतें, अधिक झाली तर वाकतें. वितळण्यास साह्य करणारें खनिज मिसळल्यास हें कार्य कमी आंचेवर साधतें. परंतु खनिज कोणतें आणि किती? या प्रश्नापायीं एका इंग्रज कुंभारानें आयुष्य वेंचलें.

जोसाया वेजवुड १७३० सालीं स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम येथें कुंभाराच्याच घरीं जन्मला. लहानपणीं देवी येऊन त्याचा उजवा गुडघा अधू झाला, व १७६८ सालीं तो पाय कापावा लागला. शरीर असें पंगू. पण १७५९ सालीं सुरू केलेली प्रयोगवही त्यानें सोडली नाहीं.

त्याला हवी होती अशी शुभ्र, घट्ट माती, कीं जी कोबाल्टसारख्या द्रव्यानें आंतबाहेर रंगवितां यावी व जिच्यावर पांढऱ्या आकृति उठवितां याव्या. १७७० नंतर त्यानें यासाठीं हजारों लहान तुकडे भाजले. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, वहींत त्याच क्रमांकापुढें मिश्रण, तेंही सांकेतिक लिपींत. भट्टींत तुकडा कोणत्या जागीं ठेवावयाचा, याचीही खूण. अखेर डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींतील एक जड, पांढरें खनिज त्याला उपयोगी पडलें. आज आपण त्याला बेरियम सल्फेट म्हणतों. बेरियम हा धातु १८०८ सालीं डेव्हीनें वेगळा केला. वेजवुड त्यापूर्वींच तेरा वर्षें निवर्तला होता. नांव ठाऊक नसतां त्यानें गुण ओळखला! या मातीच्या भांड्यांना त्यानें ‘जॅस्पर’ हें नांव दिलें.

तरीही संकट टळलें नाहीं. एक घाण उत्तम निघे, दुसरा तडकलेला वा फोड आलेला. खनिज एकजिनसी नसे, आणि भट्टीची आंच मोजण्यास साधनच नव्हतें. कारागीर ज्वाळेच्या रंगावरून अंदाज बांधीत. तेव्हां १७८२ सालीं त्यानें मातीच्या आकसण्यावरूनच उष्णता मोजण्याची युक्ति रॉयल सोसायटीपुढें मांडली. मातीची लहान गोटी भट्टींत तापवावयाची, निवाल्यावर निमुळत्या पितळी खोबणींत सरकवावयाची. जितकी खोल जाईल तितकी आंच अधिक. पुढल्याच वर्षीं तो त्या संस्थेचा सभासद झाला. हें माप निर्दोष नव्हतें. आकसणें हें आंच किती वेळ लागली यावरही अवलंबून असतें, आणि त्याचे आंकडे पुढें फारच चढे ठरले. १८८६ सालीं बर्लिनच्या हेरमान झेगर यानें ठराविक आंचेला वांकणारे सुळके प्रचारांत आणले. त्यांच्याही मुळाशीं तीच कल्पना होती: भट्टीची साक्ष मातीनेंच द्यावी.

बार्लास्टन येथील संग्रहालयांत वेजवुडचे ते तुकडे जतन केलेले आहेत. बिघडलेल्या तुकड्यांनाही क्रमांक आहेत. मी शाळेंत शिकवीत असतां चुकलेल्या गणिताचें पान मुलांना फाडूं देत नसें. शेजारीं बरोबर रीत लिहावयास लावीत असें. मुलें मनांतून रागावत. त्यांना हे तुकडे दाखवितां आले असते, तर मला अधिक कांहीं सांगावें लागलें नसतें.