ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी

अनेक हातांनी नकलल्या गेलेल्या ग्रंथातील दोष हेरून, निरनिराळ्या प्रतींची तुलना करून प्रमाण पाठ सिद्ध करण्याच्या कार्याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. संत एकनाथांनी (सु. १५३३–९९) गोदातीरावरील पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) येथे शके १५०६ मध्ये (१५८४) हे कार्य पूर्ण केले. मराठीच्या आद्य ग्रंथसंपादकांत त्यांची गणना होते ती यामुळेच.

ज्ञानेश्वरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये (१२९०) पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबा हे तिचे लेखक, असे परंपरा सांगते. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुढील तीन शतके हस्तलिखितांच्या रूपाने पसरला. ज्याला हवी त्याने नक्कल करावी व इतरांस द्यावी, अशी त्याची मोकळीक होती. ग्रंथ सर्वांचा झाला तो या मोकळिकीमुळे, आणि त्यात दोष शिरले तेही तिच्यामुळेच. ‘व’ आणि ‘ब’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांसारख्या अक्षरांची गल्लत होणे. दोन ओव्यांची अखेर सारखी असल्यामुळे मधली ओळ गळणे. समासातील टिपण मूळ मजकुरात येणे. जुना शब्द न कळल्यामुळे त्या जागी परिचित शब्द घालणे, हे अशा दोषांचे नेहमीचे प्रकार होत. यांतील शेवटचा प्रकार सर्वांत फसवा, कारण दोषी ओवी शुद्ध ओवीपेक्षा सुबोध वाटते. शिवाय एका प्रतीतील चूक तिच्यावरून केलेल्या सर्व प्रतींत उतरते. त्यामुळे बहुसंख्य प्रतींत आढळतो एवढ्यावरून कोणताही पाठ खरा ठरत नाही.

ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचे सांगितले व एकनाथ आळंदीस गेले, अशी कथा प्रसिद्ध असून तिचा संबंध परंपरेने या शोधनाशी जोडला आहे. ग्रंथाच्या अखेरीस एकनाथांनी जोडलेल्या ओव्यांतून त्यांची भूमिका कळते. ग्रंथ मुळात अतिशुद्ध होता, पाठांतरांमुळे तो शुद्धाशुद्ध झाला आणि आपण तो शोधून लिहिला, असे ते सांगतात. तिथी भाद्रपदातील कपिलाषष्ठीची दिली आहे. यापुढे त्यात कोणी स्वतःची ओवी घातल्यास ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही ते देतात. नक्कल करण्यास मोकळीक, पण भर घालण्यास मज्जाव, असा हा दंडक होय. ग्रंथाच्या पुढील स्थैर्याचे बरेचसे श्रेय त्याला द्यावे लागते.

मात्र या शोधनाची एक मर्यादा आहे. कोणत्या प्रती पाहिल्या, कोणते पाठ टाकले व कोणत्या कारणाने, याची नोंद एकनाथांनी ठेवली नाही. त्या काळी पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळाखाली गेलेले अक्षर वाचकास दिसत नाही. तीच गत टाकलेल्या पाठांची झाली. परिणामी एकनाथपूर्व संहिता कशी होती, हा वाद पुढे उद्भवला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीडजवळील पाटांगण येथे मिळालेली प्रत एकनाथपूर्व मानून १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. तथापि ती मूळ पोथी नंतर उपलब्ध राहिली नाही, त्यामुळे वादाचा निर्णय अवघड झाला.

याउलट महानुभावांची पद्धती होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली आणि स्मरणावरून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. हिराइसा, परशरामबास इत्यादींच्या आठवणींत जेथे भेद पडला, तेथे ‘वासना’ किंवा ‘शोधु’ या संज्ञेने तो नमूद झाला. चक्रधरांचे पैठण येथील वास्तव्यही याच ग्रंथातून कळते. निर्णय लागला नाही तरी साक्ष राहिली, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. आधुनिक चिकित्सक आवृत्तीने या दोन्ही गोष्टी साधल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या आवृत्तीत वर निश्चित संहिता, तर खाली प्रत्येक प्रतीच्या खुणेसह पाठभेद दिले आहेत. संशयित पाठांखाली नागमोडी रेघ आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला. मुक्तस्रोत आज्ञावलीही कोणीही नकलावी व सुधारावी अशी असते आणि तिच्यातील दोष जगभरचे वापरकर्ते कळवितात. त्यांच्या नोंदीसाठी मोझिला प्रकल्पात १९९८ मध्ये ‘बगझिला’ ही व्यवस्था निघाली. तीत प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो. दोष पुन्हा घडवून पाहता येतो काय, तो पूर्वीच कळविलेला आहे काय, तो कोणाकडे सोपविला, हे नोंदविले जाते. दुरुस्त झालेली, दुबार ठरलेली किंवा अमान्य झालेली तक्रारही पुसली जात नाही. निर्णयाचे कारण तिच्याबरोबर राहते. निवाडा करण्याचा अधिकार थोड्यांकडे असला, तरी त्याची तपासणी कोणासही करता येते.

भाद्रपद वद्य षष्ठीस महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी जयंती पाळतात. ही तिथी ग्रंथरचनेची नसून पैठणच्या शोधनाची आहे. ग्रंथ जन्मास येण्याइतकेच त्याचे दोष निवारणे महत्त्वाचे, ही जाणीव तीमागे दिसते. टाकलेल्या पाठांची साक्ष राखण्याचे उरलेले काम मात्र पुढील पिढ्यांच्या वाट्यास आले.