खोतीविरोधी चळवळ (महाड-पोलादपूर)

तेव्हाच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या दक्षिण भागात खोतांचा खंड व वेठ यांविरुद्ध कुळांनी केलेली चळवळ. पोलादपूर त्या काळी महाड तालुक्यातच मोडत असल्याने दोन्हींचा इतिहास एकत्रच येतो.

खोत हा सरकार व शेतकरी यांच्यामधला वतनदार. गावचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून खंड घ्यायचा, हे त्याचे काम. मधला फरक त्याचा. भाताच्या जमिनीवर बहुधा अर्धेल, म्हणजे निम्मे पीक, तर नाचणी-वरीच्या वरकस जमिनीवर तिरधेल, म्हणजे पिकाचा तिसरा हिस्सा. पीक उभे असतानाच खोताचा माणूस बांधावरून अंदाज करी. त्याला अभावणी म्हणत. हा अंदाज चढा बसला की तूट कुळाच्या घरच्या कणगीतून भरून निघे. शिवाय खोताच्या शेतावर व घरी बिनमोल राबावे लागे ते वेगळेच. खोतांमध्ये ब्राह्मण, कायस्थ प्रभू, मराठा, मुसलमान असे सगळेच होते. कुळे मुख्यतः कुणबी व महार.

या डोंगरी मुलखात शेतीवर वर्ष निघत नसे. घरचा एखादा माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असे आणि त्याच्या मनीऑर्डरीवर सावकाराचे देणे फिटे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले. तिकडे गिरण्यांत पगारकपात झाली आणि १९३४ मध्ये गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. दोन्ही बाजूंनी पैसा आटला. खंड आणि जुने कर्ज मात्र जागच्या जागी राहिले.

केवळ हलाखीने माणसे एकत्र येतात, असे मात्र म्हणता येत नाही. मंदी साऱ्या कोकणावर आली, पण अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी जमिनी न कसण्याचा दीर्घ संप केला, तर महाडकडची चळवळ विधिमंडळाच्या वाटेने गेली. याचे कारण मंदीच्या आधीचे आहे. अस्पृश्यांच्या पाणी घेण्याच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडला झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने येथे कार्यकर्त्यांची फळी तयार केली होती : दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. चित्रे व टिपणीस कायस्थ प्रभू, म्हणजे ज्या समाजात खोतही होते त्यातलेच. पाण्याच्या प्रश्नावर महारांवर हात उगारणारा सवर्ण समाज आणि खंडाखाली दबलेला कुणबी यांच्यात रेघ ओढणे मात्र सोपे नव्हते. खंडाच्या प्रश्नावर कुणबी व महार एका बाजूला आले तरी पाणवठे वेगळेच राहिले.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणच्या शेतकरी परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. पुढे स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह अनेक जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. आंबेडकरांसोबत शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक हेही त्यात होते. शिष्टमंडळाने मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. विधेयक संमत झाले नाही.

खोती संपली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. तो १५ मे १९५० रोजी अमलात आला. खोताने स्वतः कसलेली जमीन त्याच्याकडेच राहिली, कायम कुळांना ठरावीक रक्कम भरून हक्क मिळाला. साध्या कुळांना १९४८ च्या कूळकायद्यावर व कसणाऱ्या कुळाला मालक मानणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनावर विसंबावे लागले. त्यासाठी कागदावर नाव लागलेले असणे मोलाचे होते, आणि तोंडी खंडाने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या अनेकांचे ते नव्हते.