पडदा काळा का होतो? ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कोसळण्याचा इतिहास
#थ्रेड #इतिहास

१/ खेळ ऐन रंगात आलेला असतो. लॅपटॉपचा पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो आणि कोपऱ्यात संदेश उमटतो: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे. या एका ओळीमागे १९९६ सालचा एक निर्णय, एक गाजलेला खटला आणि अकाली बंद पडलेले असंख्य लॅपटॉप आहेत.

२/ ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. खेळ आज्ञा देतो, ग्राफिक्स चिप चित्र काढते आणि दोघांमधला संवाद ड्रायव्हर घडवतो. कोणत्याही दरबाराला पडतो तोच प्रश्न संगणकालाही पडला: या दुभाष्याला किल्ल्यात कुठवर येऊ द्यायचे?

३/ संगणकाचा बालेकिल्ला म्हणजे कर्नल. तिथे चूक झाली की सारी यंत्रणा कोसळते. १९९३ साली डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्ये चित्रांकनाचा बहुतांश कारभार बालेकिल्ल्याबाहेर, जणू माचीवर ठेवलेला होता. रचना सुरक्षित होती, पण प्रत्येक निरोपाला तटबंदी ओलांडावी लागे. त्यामुळे वेग मंदावे.

४/ ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० आली आणि मायक्रोसॉफ्टने हा कारभार, डिस्प्ले ड्रायव्हरसह, थेट कर्नलमध्ये नेला. वेग वाढला. मात्र त्या दिवसापासून ड्रायव्हरमधील एक चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकत होती.

५/ २००१ मध्ये विंडोज एक्सपीने एनटीचा हा वारसा घरोघरी पोहोचवला. खेळ अधिकाधिक भव्य होत गेले, ड्रायव्हर अधिकाधिक गुंतागुंतीचे. निळा पडदा दिसला की खेळाडू विंडोजला दोष देत. दोषी अनेकदा दुभाषी असे.

६/ ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिने ड्रायव्हरचे दोन भाग केले: मोठा भाग पुन्हा माचीवर, छोटा बालेकिल्ल्यात. सोबत एक नवा पहारेकरी नेमला. चिपने २ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर तिला नव्याने सुरू करायचे. काळा होऊन परतणारा पडदा ही त्याचीच कामगिरी. मिनिटभरात असे ५ हून अधिक वेळा घडले, तर मात्र निळा पडदा.

७/ रचना शहाणपणाची होती, पण नवे ड्रायव्हर कच्चे होते. संगणकांवरील 'व्हिस्टा केपेबल' या चिकटपट्टीवरून मायक्रोसॉफ्टवर खटला झाला आणि २००८ मध्ये कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांतील २००७ च्या नोंदीनुसार ४,७९,३२६ क्रॅश, म्हणजे सुमारे २९ टक्के, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे झाले होते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा सुमारे १८ टक्के होता. अर्थात एनव्हिडियाची कार्डे वापरणारेही पुष्कळ होते, हे विसरता येत नाही.

८/ लॅपटॉपधारकांचे दैव आणखी खडतर निघाले. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने मान्य केले की तिच्या काही लॅपटॉप चिपांच्या जोडणीतील साहित्य कमकुवत आहे. भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील, असेही जाहीर केले. चिप वारंवार तापून थंड होताना तिच्याखालचे सूक्ष्म टाके थकत आणि तडकत.

९/ अशा लॅपटॉपवर ड्रायव्हर कितीदा बदलला, तरी उपयोग नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने बाधित मॅकबुक प्रो विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे मान्य केले.

१०/ उलट उदाहरणही आहे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांचे पंखे त्यामुळे नीट फिरत नव्हते आणि चिप तापत होती. म्हणजे यंत्राचा दोष ड्रायव्हरसारखा भासतो, तसा ड्रायव्हरचा दोष यंत्राला जाळू शकतो.

११/ आजचे उपाय याच इतिहासातून आले आहेत. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला, तर आधीच्या आवृत्तीवर परतावे. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून मगच नवा बसवावा. लॅपटॉप उत्पादकाने दिलेला ड्रायव्हरही वापरून पाहावा. पंखा, धूळ आणि तापमान तपासावे. विंडोज सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर रेघा दिसत असतील, तर ड्रायव्हरला दोष देणे व्यर्थ. चिप किंवा पडदा तपासून घ्यावा.

१२/ रजिस्ट्रीत २ सेकंदांची मुदत वाढवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने पहारेकरी अधिक वेळ थांबतो, अडकलेली चिप मात्र सुटत नाही. १९९६ मध्ये वेगासाठी सुरक्षितता खर्ची पडली आणि २००७ मध्ये तिचा काही भाग परत मिळवला गेला. काळा होऊन परतणारा पडदा ही त्या तडजोडीची खूण आहे: खेळ कदाचित गेला, पण लॅपटॉप वाचला.