कायक्लेश, क्षांती आणि मध्यम मार्ग

लाहोरच्या संग्रहालयात सिक्री येथे सापडलेली, गांधार शैलीतील उपोषित सिद्धार्थाची मूर्ती आहे. डोळे खोल गेलेले, बरगड्या एकेक मोजता याव्यात अशा उघड्या पडलेल्या, त्वचेवर शिरांचे जाळे उमटलेले. आणि तरीही आसन अविचल. बौद्ध कलेवरील अनेक ग्रंथांतून या मूर्तीचे छायाचित्र छापले गेले आहे. ते पाहून सामान्य उपासकाची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, की एवढे सोसले म्हणूनच सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली. त्रिपिटकाचे म्हणणे मात्र याच्या नेमके उलट आहे.

शरीराला कष्ट दिले की मन कणखर होते, हा विचार आज पुन्हा बळावला आहे. बर्फासारख्या थंड पाण्यात बसणे, दीर्घ उपवास करणे, डोंगरवाटांवर मैलोगणती धावणे यांचा पुरस्कार करणारे अनेकदा भिक्खूंच्या जीवनाचा दाखला देतात. तो दाखला इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे येथे पाहावयाचे आहे. प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लादलेले कष्ट सोसले, त्या समाजापुढे कष्टाचे माहात्म्य सांगताना आपण नेमके काय सांगतो, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्पष्ट चर्चा मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात आली आहे. वैशालीचा वादपटू सच्चक भगवंतांपुढे ‘कायभावना’ आणि ‘चित्तभावना’ यांचा विषय काढतो. कायभावना म्हणजे काय, असे विचारल्यावर तो नंद वच्छ, किस संकिच्च आणि मक्खली गोसाल या आजीवक तपस्व्यांची उग्र व्रते सांगतो. त्यावर भगवंत अगदी व्यवहारी प्रश्न करतात : एवढ्यावरच त्यांचा निर्वाह होतो काय? सच्चकाला कबूल करावे लागते, की मधूनमधून ते उत्तम भोजन घेतात आणि शरीर पुन्हा पुष्ट करतात. म्हणजे एकदा शरीर झिजवावयाचे आणि एकदा भरावयाचे. याला कायेची भावना म्हणता येत नाही, असा भगवंतांचा निर्णय आहे. सुखद वेदना उत्पन्न झाली असता जिचे मन तिच्या आहारी जात नाही, त्या व्यक्तीने काया भावित केली. आणि दुःखद वेदना उत्पन्न झाली असता जिचे मन तिच्या आहारी जात नाही, त्या व्यक्तीने चित्त भावित केले, असा त्यांचा अभिप्राय आहे. किती सोसले हे मोजमाप येथे नाहीसे होते आणि वेदनेशी मनाचे नाते काय, हे मोजमाप त्याच्या जागी येते.

यानंतर भगवंत स्वतःचा अनुभव सांगतात. उरुवेलेच्या परिसरात त्यांनी श्वास कोंडून ध्यान केले, आहार पसाभर कढणावर आणला; पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे. याहून तीव्र वेदना कोणत्याही श्रमणाने अनुभवली नसेल, असे असूनही ज्ञान मिळाले नाही. मग त्यांना बालपणी जांभळाच्या झाडाखाली सहज लाभलेल्या ध्यानाची आठवण झाली. कामभोगाशी संबंध नसलेल्या त्या सुखाचे भय का बाळगावे, असा विचार त्यांनी केला आणि भात व पेज घेऊन शरीरात बळ आणले. पाच सहकारी त्यांना सोडून गेले ते याच क्षणी. इसिपतनातील पहिल्या प्रवचनात कामसुख आणि आत्मक्लेश ही दोन्ही टोके त्याज्य ठरली, त्यामागे हा प्रत्यक्ष अनुभव होता.

येथे दुसऱ्या टोकाची चूक होण्याचा संभव असतो. मध्यम मार्ग म्हणजे आरामाचा मार्ग, असा अर्थ विनयपिटक वाचणारा कोणीही करणार नाही. भिक्खूने मध्यान्हापूर्वी भोजन उरकावयाचे, वर्षावासाचे तीन महिने सोडून चारिका करावयाची, मिळेल त्या निवाऱ्यात राहावयाचे. सब्बासव सुत्तात आस्रव दूर करण्याचे जे सात उपाय सांगितले आहेत, त्यांत थंडी, ऊन, भूक, तहान, डास, वारा, कटू शब्द आणि शारीरिक वेदना सहन करणे हा एक स्वतंत्र उपाय आहे. परंतु त्याच यादीत, थंडीच्या निवारणासाठी चीवराचा विचारपूर्वक उपयोग करणे हाही एक उपाय आहे. आणि पिसाळलेला हत्ती, दुष्ट घोडा यांपासून दूर राहणे हाही आहे. कोठे उपयोग करावा, कोठे सोसावे आणि कोठे टाळावे, हे ओळखण्याचे काम प्रज्ञेचे. शरीराच्या व्यायामालाही या परंपरेत मान आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, प्रयत्नाची क्षमता येते, प्रकृती निरोगी राहते, अन्न पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते.

तथापि चंक्रमणही अतिरेकास जाऊ शकते. विनयाच्या महावग्गातील सोण कोळिविसाची कथा या दृष्टीने मननीय आहे. चंपेच्या धनाढ्य घराण्यातील हा सुकुमार तरुण प्रव्रजित झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात इतका चालला, की त्याचे पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. इतके करूनही मुक्ती न मिळाल्याने तो घरी परतण्याचा विचार करू लागला. त्याला वीणावादन येत असे. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजत नाही, हे त्याचेच ज्ञान भगवंतांनी त्याला आठवून दिले. हा दृष्टान्त सर्वश्रुत आहे. त्यापुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. भगवंतांनी सोणाला एका तळव्याच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. संघातील सर्वांना अनुज्ञा असेल तरच आपण वहाणा घालू, असे त्याने सांगितले आणि भगवंतांनी ती सर्व संघाला दिली. एका भिक्खूच्या फुटलेल्या पायांतून सर्वांच्या सोयीचा नियम निघाला.

त्याच खंधकात आपल्या भूमीशी जवळचा संबंध असलेला एक प्रसंग आहे. अवंतीचा सोण कुटिकण्ण आपले आचार्य महाकच्चायन यांचा निरोप घेऊन भगवंतांकडे येतो. अवंती-दक्षिणापथातील जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. म्हणून तेथे अनेक पदरी तळव्याच्या वहाणा आणि वारंवार स्नान यांना अनुज्ञा मिळावी, अशी विनंती तो करतो. चैत्रवैशाखातील काळ्या रानाची ढेकळे ज्यांनी अनवाणी तुडवली आहेत, त्यांना या वर्णनाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. विनंती मान्य झाली. मध्यदेशातील नियम दक्षिणेकडील भिक्खूंच्या पायांवर जसाच्या तसा लादला गेला नाही.

कष्ट लादण्याचा प्रश्न संघात उघडपणे उपस्थित केला तो देवदत्ताने. भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचेच चीवर वापरावे, वृक्षाखालीच निवास करावा आणि मत्स्यमांस वर्ज्य करावे, अशा पाच मागण्या त्याने मांडल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. वरवर पाहता त्या वैराग्याच्या वाटतात. भगवंतांनी या कष्टांची निंदा केली नाही. ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गावाजवळ राहावे. वृक्षाखालचा निवास वर्षाऋतू वगळून आठ महिने. मत्स्यमांस त्रिकोटिपरिशुद्ध असल्यास ग्राह्य, असे त्यांनी सांगितले. त्यांनी नाकारली ती सक्ती. संघातील पहिली मोठी फूट कष्टाच्या सक्तीवरून पडली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

स्वेच्छेने स्वीकारलेल्या कष्टांचा आदर्श म्हणजे महाकस्सप. वृद्धापकाळी जाडेभरडे चीवर टाकून आपल्याजवळ राहण्याचे भगवंतांनी सुचविले असताही त्यांनी व्रत सोडले नाही. स्वतःचा सुखविहार आणि पुढच्या पिढ्यांविषयीची अनुकंपा, ही दोन कारणे त्यांनी दिली. हीच परंपरा पुढे तेरा धुतांगांच्या रूपाने व्यवस्थित झाली. इसवी सनाच्या ५ व्या शतकात अनुराधपुरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्ग रचला. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात प्रत्येक धुतांगाच्या उत्कृष्ट, मध्यम आणि मृदू अशा तीन पायऱ्या दिल्या आहेत. धुतांगाच्या आचरणाने ज्याचे कर्मस्थान वाढते त्याने ते आचरावे, ज्याचे खालावते त्याने आचरू नये, हा त्यांचा निकष आहे. कष्टाची योग्यता त्याच्या फळावरून ठरते.

आपल्या सह्याद्रीतील लेण्यांतही हा समतोल दिसतो. भाजे आणि कान्हेरी येथील भिक्खूंच्या खोल्यांत निजण्यासाठी दगडी ओटे आहेत. तो निवास मऊ नव्हता. पण कान्हेरीला लेण्यालेण्याजवळ पाण्याच्या पोढी कोरलेल्या आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या लेखात वर्ष ४२ मधील ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले होते आणि वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब केल्यास वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि ते २० जणांना बरोबर पुरते. दगडावर निजणाऱ्या भिक्खूच्या वस्त्राची काळजी समाज इतक्या काटेकोरपणे घेत असे.

शरीराचे शिक्षण अखेर कशासाठी, याचे उत्तर पुण्ण स्थविरांच्या चरित्रात सापडते. परंपरा त्यांना सुप्पारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याचे मानते. सुनापरंतातील लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली, दगड मारले, शस्त्र चालविले तर काय कराल, असे भगवंत त्यांना क्रमाक्रमाने विचारतात. आणि प्रत्येक वेळी त्यांचे मन द्वेषापासून मुक्त असल्याचे दिसून येते. क्षांतीची खरी परीक्षा थंड पाण्यात होत नाही. ती माणसांमध्ये काम करताना होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. त्यांत सैन्यात नोकरी केलेले लोकही होते. त्यांच्या अंगी बळ नव्हते असे नाही. बळ असून ते आवरणे म्हणजे क्षांती. परंतु बाबासाहेबांनी अन्याय मात्र सोसला नाही. तळ्याचा लढा त्यांनी न्यायालयातून शेवटास नेला.

हा भेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावकुसाबाहेरचे जीवन, अनवाणी चालणे, उष्ट्याशिळ्या अन्नावर दिवस काढणे हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले ते धुतांग म्हणून नव्हे. त्यामागे निवड नव्हती आणि नकार देण्याचा अधिकारही नव्हता. अशा कष्टांना कोणी तपश्चर्येचे नाव देऊ लागला, तर ती देवदत्ताचीच मागणी नव्या शब्दांत होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दहा पारमितांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे आणि त्या पारमितांत क्षांती आहे. पण विषमतेचा त्याग करण्याची प्रतिज्ञाही तेथेच आहे. दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत.

आपल्या विहारांतून श्रामणेर शिबिरे भरतात. पहाटे उठणे, मर्यादित आहार, जमिनीवर निजणे, दीर्घकाळ एका आसनावर बसणे यांतून तरुणांना निश्चितच लाभ होतो. शिबिरे चालविणाऱ्यांनी तीन प्रश्न मात्र सतत समोर ठेवावेत, अशी आमची विनंती आहे. हा कष्ट शिबिरार्थीने समजून उमजून घेतला आहे काय? त्याच्या प्रकृतीप्रमाणे मृदू पायरीची सोय आहे काय? आणि शिबिर संपवून तो घरी गेल्यावर त्याचे मन शिवी ऐकताना, अपयश पाहताना, वस्तीचे काम करताना अधिक स्थिर राहते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिबिरात मिळत नाही. त्यासाठी शिबिरानंतर काही महिन्यांनी त्या तरुणाच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करावी लागेल.