जिवंत आवाजाची परीक्षा: प्रॅक्टिकलच्या व्हायव्हामागचा इतिहास

परीक्षा तोंडावर आल्या की विज्ञान शाखेच्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'प्रॅक्टिकल निघून जाईल रे, व्हायव्हाचं काय?' आज त्या 'काय'च्या मागे जरा जाऊ या. 'व्हायव्हा व्होसी' हे मूळ लॅटिन, अर्थ 'जिवंत आवाजाने'. तोंडी परीक्षा ही काही प्रयोगशाळेची निर्मिती नव्हे. ती प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी शतकं जुनी आहे. मधे ती जवळजवळ हद्दपार झाली, आणि प्रयोगशाळेने तिला परत बोलावलं.

जुन्या युरोपीय विद्यापीठांत पदवी मिळायची ती वादातून. विद्यार्थी एक सिद्धांत मांडणार, दुसरे त्याच्यावर तुटून पडणार, सगळं लॅटिनमध्ये. आपल्याकडच्या शास्त्रार्थाची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे चित्र परकं वाटू नये. केंब्रिजमध्ये या वादाच्या वेळी एक पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसायचा. तिथल्या परीक्षेचं 'ट्रायपॉस' हे नाव त्या स्टुलावरून आलं असं सांगतात. आणि 'रँग्लर' म्हणजे मुळात वाद घालणारा, भांडणाराच म्हणा ना! अठराव्या शतकात मात्र गणित असं वाढत गेलं की ते तोंडाने मांडणं अवघड होऊन बसलं. कॅल्क्युलसची दोन पानांची सिद्धता लॅटिनमध्ये बोलून कशी दाखवणार? शिवाय वादात जीभ चालते त्याचं फावतं, आणि मुलामुलांची तुलना करता येत नाही. तेव्हा कागद आला. सगळ्यांना एकच प्रश्न, सगळ्यांना तितकाच वेळ. १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, ते एका शब्दाचाही वाद न घालता, मान खाली घालून उत्तरपत्रिका लिहून. पदवी भांडणाऱ्याची, परीक्षा मौनाची.

मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. सुरुवातीच्या काळात विद्यापीठ म्हणजे जवळजवळ एक परीक्षायंत्रच होतं. या यंत्राला आपण पुष्कळ नावं ठेवतो, घोकंपट्टी वगैरे. पण एक गोष्ट मला त्याच्या बाजूने सांगायची आहे. उत्तरपत्रिकेवर नंबर असतो. आडनाव नसतं, चेहरा नसतो, कपडे नसतात. आपल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती, आजही नाही.

मग तोंडी परीक्षा परत आली कशी? तर कागदाला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे हात. लीबिगने १८२०च्या दशकात जर्मनीत गीसेनला विद्यार्थ्यांना स्वतः रसायनं हाताळायला लावली. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ची. तिथे लॉर्ड रॅलेच्या काळात, १८८०च्या सुमारास, ग्लेझब्रुक आणि शॉ यांनी प्रात्यक्षिकाचे रीतसर वर्ग बसवले, आणि त्यातून त्यांचं 'प्रॅक्टिकल फिजिक्स' हे पुस्तक निघालं. टेबलावर उपकरण, शेजारी सूचना, विद्यार्थी आपला प्रयोग करतोय, ही आपल्या ओळखीची रचना त्या काळात घट्ट झाली. इकडे १९०४च्या विद्यापीठ कायद्याने प्रायोगिक विज्ञान शिकवू पाहणाऱ्या कॉलेजला सुसज्ज प्रयोगशाळेची अट घातली.

आता परीक्षकाची अडचण बघा. उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर आहे, पण ते आलं कुठून? साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. पुस्तकात गुरुत्वत्वरण ९८१ दिलेलं असतं. मुलगा ९८१ काढून दाखवतो. आता गंमत अशी की ९८१ हा केंब्रिजसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणांचा आकडा. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ, इथे तो ९७८.६च्या आसपास आहे. म्हणजे मुलाने चोरी केली? नाही, तसंही म्हणता येत नाही. एक मीटरचा लंबक, वीस आंदोलनं, चाळीस सेकंद. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. तो अर्धा टक्का आवर्तकालात, म्हणून एक टक्का उत्तरात, म्हणजे दहाएक एकक. ९७० आलं काय, ९८८ आलं काय, दोन्ही प्रामाणिक. संशय यायला हवा तो ९८१.०० या आकड्याचा. त्यातली शेवटची दोन शून्यं घड्याळाने दिलेली नाहीत, ती पेनातून आलेली आहेत. हे ओळखायला परीक्षकाला एकच प्रश्न पुरतो, 'यातले किती अंक तुमचे?'

व्हायव्हाचा खरा प्रश्न या जातीचा असतो. मोजायला सुरुवात मधून का केली, टोकापासून का नाही? कारण मधे गोळा सर्वांत वेगात असतो, खुणेवरून कधी गेला ते नेमकं कळतं. टोकाला तो रेंगाळतो, डोळा फसतो. रसायनात ब्युरेट द्रावणाने खंगाळता, मग शंकूपात्र का नाही? कारण ब्युरेटमध्ये उरलेलं पाणी द्रावण पातळ करील, आणि शंकूपात्रात चिकटलेलं द्रावण मोजलेल्या मापात भर घालील. ज्याने हे केलंय त्याला पाठ करावं लागत नाही.

आणि आपण तयारी कशाची करतो? गाइडमधल्या व्याख्यांची. 'लीस्ट काउंट म्हणजे काय' याचं इंग्रजी वाक्य पाठ, आणि समोरच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारला की घाम. अर्थात सगळा दोष मुलांवर टाकणंही बरोबर नाही. जो चेहरा कागदाने झाकला होता तो व्हायव्हाने उघडा केला. जीभ चालते त्याचं फावतं ही जुनी खोटही सोबत परत आली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे हात अचूक चालतात, पण एक्स्टर्नल समोर बसले की इंग्रजी वाक्य घशात अडकतं. अशा वेळी उपकरणाकडे हात करावा. 'इथे', 'हा स्क्रू', 'अशी फिरवली' एवढं बोलता आलं तरी पुढचं सुचतं. मराठीत सांगू का, असं विचारायलाही संकोच नको. आणि परीक्षकांनी ते ऐकून घ्यावं, कारण तिथे भाषेची परीक्षा चालू नसते.

तयारीचं म्हणाल तर ती सबमिशनच्या आठवड्यात होत नाही. प्रयोगाच्या दिवशीच, रीडिंगच्या शेजारी दोन शब्द लिहून ठेवावेत. पंखा चालू होता, दोरा घसरला, तिसरं रीडिंग पुन्हा घेतलं. फेअर जर्नलमध्ये हे सगळं पुसलं जातं, तिथे सुबक तक्ते आणि सह्या असतात. परीक्षक विचारतात ते बहुधा पुसलेल्या भागातलं. त्यामुळे रफ वही रद्दीत घालू नका. आदल्या रात्री गाइड वाचण्याऐवजी ती चाळा, आणि आपल्याच प्रत्येक खाडाखोडीला 'का?' विचारून बघा.